वस्तरा आणि सुरी दगडावर पाजवताना या चुका टाळा

चतुर्थीच्या आधी आणि नाताळच्या तोंडावर माझ्याकडे पाजवायला येणाऱ्या पात्यांची रीघ लागते. आदोळ्या (विळ्या), इसवण म्हणजे सुरमई कापायच्या सुऱ्या आणि अलीकडे आजोबांच्या पेटीत सापडलेले जर्मनीतल्या झोलिंगेनचे जुने वस्तरेही. यातली बरीचशी पाती वापरून बोथट झालेली नसतात, चुकीचं पाजवून बिघडलेली असतात. आणि चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे धार बसण्याआधीच बारीक दगडावर जाणं. हल्ली लोक पहिलाच दगड म्हणून बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळा कोटिक्यूल मागवतात. दगड उत्तम आहे, त्यातले गार्नेटचे कण पोलाद छान कापतात. पण बोथट सुरी त्यावर तासभर फिरवून काय होणार? उतार, म्हणजे धारेलगतची तिरकी घासलेली कड, आरशासारखा चमकतो आणि टोमॅटोची साल तशीच दबते, कारण दोन्ही बाजूंचे उतार टोकाला अजून एकमेकांना भेटलेलेच नसतात.

आधी जाड दगड घ्या. एकाच बाजूने घासत राहा, आणि दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत अखंड बर, म्हणजे घासून पलीकडे वळलेली पोलादाची बारीक खरखरीत कड, बोटाला लागली की मगच सुरी उलटा. मध्येच दोन बोटं जागा गुळगुळीत लागली, तर तिथे धार नाही. तोपर्यंत पुढचा दगड ओलासुद्धा करायचा नाही, हा माझा नियम आहे. शिकायला येणारी मुलं नेमकी इथेच कंटाळतात, आणि इथे कंटाळणाऱ्याला महागातला दगडही काही देऊ शकत नाही.

कोनाचा अंदाज येत नसेल तर उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढा, दोन-चार हात फिरवा आणि बघा. शाई अगदी धारेशी उरली असेल तर सुरी फार आडवी धरलीय. धारेशीच गेली आणि वर उरली तर फार उभी. चार सेंटिमीटर रुंद सुरीची पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचलली की साधारण १५ अंशांचा कोन होतो. मासे आणि भाजीला तेवढा पुरे. नारळ फोडायच्या कोयत्याला तो नको, कड उडेल.

वस्तऱ्याला कोन ठरवावाच लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायची, पाठीची जाडी त्यासाठीच ठेवलेली असते. जोर मात्र अजिबात नको. जोराने पाठ झिजते आणि पातळ धार वाकते. पारखायचं असेल तर दिव्याखाली धार वर करून धरा. बोथट जागी प्रकाशाचा बारीक ठिपका लुकलुकतो, खऱ्या धारेवर काहीच चमकत नाही. कोटिक्यूलवर छोटा दगड घासून केलेलं दुधाळ पाणी थेंबाथेंबाने पातळ करत न्यायचं आणि शेवटचे हात निव्वळ पाण्यावर द्यायचे. हा टप्पा गाळणाऱ्यांना दाढी ओढते, कारण दाट गाळातले कण तयार झालेली धारच बोथट करतात.

आता पॉलिशचं. मागे एक गृहस्थ पोर्तुगीज काळातला घरचा वस्तरा घेऊन आले. गंज काढून चकचकीत करायला त्यांनी तो एका वर्कशॉपात दिला होता आणि तिथे तो बफिंगच्या चाकावर धरला गेला. चमक डोळे दिपवणारी होती. पण पात्यावरची कोरीव अक्षरं पुसली गेली होती, आणि मधोमध धारेलगत नखाएवढा निळा डाग होता. पोलाद निळं पडतं ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. वस्तऱ्याची कड इतकी पातळ की उष्णतेला जायला जागाच नसते. त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं होतं. दगडावर घेतलं की तिथे धार यायची आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताच दुमडायची. निळा भाग पूर्ण झिजवून काढला असता तर पाठ आणि धार यांचं माप बिघडलं असतं. तो वस्तरा आता फक्त बघण्यापुरता उरला, आणि हे मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं.

चमक हवी असेल तर हाताने काढा. ६०० नंबरचा वॉटर पेपर, मग १०००, मग २०००. घासायचं पाठीकडून धारेच्या दिशेने, उलट कधीच नाही. आणि हे सगळं पाजवण्याच्या आधी. जुन्या वस्तऱ्यावर थोडे काळे ठिपके राहिले तर राहू द्या, दाढीला त्यांचा काही त्रास नाही.

दगड खोलगट झालाय हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. पेन्सिलने चौकटी आखा, सपाट कडाप्प्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवून दगड त्यावर पाण्याने घासा. मधल्या रेघा उरल्या तर दगड अजून सपाट नाही. मी हे प्रत्येक वस्तऱ्याच्या आधी करतो.

कुंपणाच्या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, सुरी घासू नका. चिरा सच्छिद्र, त्यातले कण लहानमोठे, धारेला दातरे पडतात.

अमेरिकेतल्या अर्कान्सासचा दगड तेलावर वापरतात, पण त्यावर खोबरेल नको. ते खवट होतं, डिसेंबरच्या पहाटे गोठतं आणि पोलादाचा चुरा धरून बसतं. शिलाई मशीनचं तेल वापरा. आधीच माखला असेल तर रॉकेल आणि ब्रश.

पट्टा सैल सोडू नका, धार गोल होते.

पावसाळ्यात वस्तरा न्हाणीघरात किंवा चामड्याच्या म्यानात ठेवला की आठवड्यात तांबेरा येतो. पुसून, तेलाचा हलका हात देऊन कोरड्या कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. आणि ओला दगड उन्हात वाळवू नका, थर असलेल्या दगडाला तडे जातात. सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा उभा करून ठेवा.