फीवर सूट? आधी मला फोन करा

ऑगस्ट लागला की अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर शिकायला आलेली नवी पोरं दिसायला लागतात. हातात पोह्यांचं पाकीट, डोक्यात डॉलर-रुपयाचा गुणाकार. बाकी सगळं नंतर, आधी फीचं.

ओळखीतल्या एका सांगलीच्या मुलाला व्हॉट्सॲप ग्रुपवर एक 'सीनियर' भेटला. म्हणाला, "तुझी फी मी माझ्या कार्डानं भरतो, तू मला आठ टक्के कमी दे. युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर दिसलं की मगच पैसे पाठव." खरी मेख इथेच. मुलानं लॉगिन केलं, तर बाकी शून्य! ११,००० डॉलरमागे ८८० वाचले म्हणून गडी खूश. झेलला, म्हणजे तिथल्या बँक खात्यातून झटपट पैसे पाठवायच्या सोयीला, रोजची मर्यादा असते, म्हणून चार-पाच दिवस तुकड्या-तुकड्यानं पैसे पाठवले. दीड महिन्यानं तीच फी पुन्हा खात्यावर, वर लेट फी आणि पुढच्या सेमिस्टरच्या नोंदणीवर होल्ड. कार्ड चोरीचं होतं. मूळ मालकानं तक्रार केली आणि त्याच्या बँकेनं युनिव्हर्सिटीकडून पैसे परत ओढले. झेलचे गेले ते गेले. नोंदणी अडली की एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा घोर वेगळाच.

अहो, कार्डानं फी भरायची तर बऱ्याच युनिव्हर्सिट्या वर अडीच-तीन टक्के लावतात. मग मधला माणूस आठ टक्के कुठून सोडणार?

फी भरायची ती स्वतः पत्ता टाइप करून उघडलेल्या पोर्टलवरूनच, ईमेलमधल्या लिंकवरून नाही. परदेशातून फी पोचवणाऱ्या फ्लायवायर किंवा कन्व्हेरासारख्या कंपनीकडे जायचं तेही तिथूनच. पोर्टलवर आई-बाबांना 'ऑथराइज्ड यूजर' करून ठेवा. विद्यार्थ्याची माहिती खाजगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे तुमच्या परवानगीशिवाय ऑफिस त्यांना खात्याचं सहसा काही सांगत नाही. मग गावाकडे ज्याचा फोन येईल त्याचंच खरं वाटतं.

'फेडरल स्टुडंट टॅक्स' भरा, नाहीतर संध्याकाळपर्यंत डिपोर्ट करू, असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. असा टॅक्सच नाही; आयआरएसनं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्यानं, २०१६ मध्येच तसं बजावलं होतं. स्क्रीनवर सरकारी नंबर दिसला तरी भुलू नका, नंबर खोटा दाखवता येतो. गिफ्ट कार्डावर कर घेणारं सरकार अजून जन्मायचंय.

पैसे गेलेच तर त्याच दिवशी बँक, बर्सर ऑफिस (फी घेणारं ऑफिस) आणि डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणारा युनिव्हर्सिटीतला अधिकारी) यांना कळवा, मग पोलिसांत तक्रार. भारतातल्या खात्यातून गेले असतील तर बाबांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. आणि लाजेपोटी गप्प बसू नका. आमच्या त्या पोरानं घरी तीन आठवडे काही सांगितलं नाही, ग्रुपवरही नाही. तेवढ्यात त्याच 'सीनियर'नं तिथलेच आणखी दोघे गाठले.