शनिवारी रात्री टॉमकॅट बदलायचा आहे, त्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्था-सोसायट्यांत सर्व्हर म्हणजे मॅनेजरच्या खुर्चीमागे, जुन्या लेजरच्या गठ्ठ्यांना टेकलेला एक डबा. त्यात टॉमकॅट असतो, म्हणजे सोसायटीचं जावातलं सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालतं तो प्रोग्राम. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं, एरवी कुणी हात लावत नाही. “चालतंय की सगळं, कशाला उघडताय?” हे मॅनेजरचं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. चालतंय खरं, पण कोणतं चालतंय ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिलं काम शुक्रवारी करा. फोल्डरच्या नावावर विश्वास ठेवू नका. चालू असलेली जावाची प्रोसेस बघा, ती कुठल्या फोल्डरमधून उठली आहे ते वहीत लिहा आणि त्याच फोल्डरच्या बिनमधली व्हर्जन डॉट एसएच चालवा.

टॉमकॅट ८.५ निघाला तर त्याचा सपोर्ट ३१ मार्च २०२४ लाच संपलाय. तिथून ९ वर जा. हौसेने १० वर उडी मारू नका, कारण तिथे जावाएक्स नावाची कोडची पॅकेजेस जकार्ता नावाने आली आणि जुनं सॉफ्टवेअर उठतच नाही. ९ मध्येही ९.०.९९ च्या खालचा नको. सीव्हीई-२०२५-२४८१३ (सुरक्षेतल्या भोकांना असा नंबर देतात) हे भोक तिथे बुजवलं. ते सगळ्यांनाच लागू होत नव्हतं, डिफॉल्ट सर्व्हलेटला, म्हणजे साध्या फायली देणाऱ्या टॉमकॅटच्या भागाला, लिहायची परवानगी दिलेली असेल तरच. पण आधीच्या माणसाने वेबडॉट एक्सएमएलमध्ये रीडओन्ली फॉल्स करून ठेवलंय का, हे उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार?

मग पोर्ट. ८०८० सगळ्यांना माहीत असतो, ८००९ विसरला जातो. पुढे ठेवलेल्या अपाची वेब-सर्व्हरशी टॉमकॅट तिथून बोलतो, त्या जोडणीला एजेपी म्हणतात. २०२० च्या फेब्रुवारीत घोस्टकॅट नावाने गाजलेलं भोक तिथलंच. त्या पोर्टपर्यंत पोचणाऱ्या कुणालाही वेब-अ‍ॅपच्या फोल्डरमधल्या फायली वाचता येत होत्या, डेटाबेसचा पासवर्ड ठेवलेली फाइलसुद्धा. ९.०.३१ पासून हा एजेपी कनेक्टर मुळातच बंद येतो आणि चालू केला तर गुप्त शब्द (सिक्रेट) मागतो. गंमत अशी की आपण घाईत जुनी सर्व्हर डॉट एक्सएमएल नव्या फोल्डरवर चिकटवतो. मग सिक्रेट नाही म्हणून कनेक्टर उठत नाही, कुणीतरी नेटवर वाचून सिक्रेट-रिक्वायर्डला फॉल्स करतो, आणि नवा टॉमकॅट जुन्या भोकासकट चालू होतो. नवी फाइल घ्या, तिच्यात आपल्या लागतील तेवढ्याच ओळी हाताने घाला. पुढे अपाची नसेल तर एजेपीची गरजच नाही.

जुनी फाइल उचलू नका म्हटलं, तरी एक फाइल उचलायचीच आहे: बिनमधली सेटएन्व्ह डॉट एसएच. मेमरी किती द्यायची आणि अक्षरं यूटीएफ-८ मध्ये वाचायची, हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. ती राहिली की सोमवारी पावतीवर खातेदाराच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हं छापली जातात. आपल्याकडे पावती मराठीतही असते आणि कन्नडमध्येही, तेव्हा चाचणीला दोन्ही लिप्यांतलं एकेक नाव छापून बघा.

टॉमकॅटसोबत येणारी एक्झाम्पल्स, डॉक्स, मॅनेजर ही वेब-अ‍ॅप्स काढून टाका. टॉमकॅट रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, चालवू नका. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बदलण्याआधी वेबअ‍ॅप्समध्ये अलीकडच्या तारखेची, ओळखीची नसलेली जेएसपी फाइल (सर्व्हरवर चालणारा कोड) दिसते का बघा, ती बाहेरच्याने घुसून टाकलेली असू शकते. दिसली तर अपडेट थांबवा, फाइल पुसू नका, मशीन नेटवर्कवरून सोडवा. नवा टॉमकॅट दार लावतो, घरात शिरून बसलेल्याला बाहेर काढत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. टॉमकॅटबरोबर येणाऱ्या लॉगिंगच्या फाइलमध्ये ९० दिवस लिहिलेलं असतं. तो आकडा आजच बदला.

लॉगफोरजे, म्हणजे लॉग लिहिणारी जावाची लायब्ररी, तिचा हिशेब वेगळा. टॉमकॅट बदलला म्हणजे तिच्यातलं डिसेंबर २०२१ चं लॉगफोरशेल हे भोक गेलं असं अजूनही काहीजण समजतात. टॉमकॅट स्वतःच्या लॉगसाठी ते वापरतच नाही. तिची जार फाइल असते ती सोसायटीच्या सॉफ्टवेअरच्या लिबमध्ये, आणि ती बदलून देणं सॉफ्टवेअरवाल्याचं काम. २.१७.१ च्या खालची दिसली तर त्याला लेखी कळवा, फोनवर नको.

दारोदार रोजची ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांना शुक्रवारीच विचारा की त्यांच्या हातातलं मशीन कुठल्या पत्त्याला जोडतं. काही जुन्या मशीनमध्ये आयपी आणि ८०८० थेट भरलेला असतो, काहींना टीएलएस (जोडणी गुप्त ठेवायची पद्धत) १.० च्या पुढचं कळत नाही, आणि २०२१ च्या एप्रिलपासूनच्या जावामध्ये १.० बंद असतं. त्यासाठी सर्व्हरवर जुनं टीएलएस परत उघडू नका, मशीन बदलायला सांगा. आठवडाभर कुरकुर होईल.

बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, तो घरी न्या. पावसाळ्यात खानापूरकडे काम असेल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासा, हेस्कॉमची लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

लाइट गेल्यावरच आमची फजिती झाली होती. शनिवारी नवा टॉमकॅट बसवला, रविवारी पार्टी केल्यासारखा कुंदा वाटला, सोमवारी रात्री लाइट गेली. मशीन परत उठलं तेव्हा जुन्या टॉमकॅटची सर्व्हिस आधी उठली आणि ८०८० धरून बसली. नवा उठलाच नाही. काउंटरवर सगळं सुरळीत, कुणाची तक्रार नाही. तीन आठवड्यांनी लॉग बघताना कळलं. म्हणून शनिवारी निघण्याआधी जुनी सर्व्हिस डिसेबल करा, मशीन मुद्दाम बंद करून चालू करा, आणि आता उठलेली प्रोसेस शुक्रवारी वहीत लिहिलेल्या जुन्या फोल्डरमधून तर उठली नाही ना, ते ताडून बघा.