कोरी पाटी असताना क्रेडिट हिस्टरी कशी उभी केली

माझा कर्जाचा अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं होतं: 'क्रेडिट हिस्टरी उपलब्ध नाही', म्हणजे उधारी घेतल्याची आणि फेडल्याची नोंदच नाही. आयुष्यात कधी कोणाचं देणं ठेवलं नाही, ही माझी जमेची बाजू आहे असं मी समजत होतो. पण नोंदच नसेल तर सावकार कशावर भरवसा ठेवणार?

त्या रागात लागोपाठ तीन क्रेडिट कार्डांसाठी अर्ज केले. तिथे चुकलंच. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट अहवालात, म्हणजे या सगळ्या नोंदींच्या अहवालात, नोंदली जाते आणि लागोपाठ चौकशा दिसल्या की सावकार बिचकतो.

शेवटी बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर कार्ड घेतलं. त्यावर फक्त फोनचं बिल भरायचो आणि पूर्ण रक्कम आपोआप वळती व्हायची. 'किमान देय रक्कम' भरली की उरलेल्यावर व्याज चढतं, म्हणून त्या वाटेला गेलोच नाही.

एका महिन्यात मोठी खरेदी केली. पैसे वेळेत भरले, तरी अहवालात मर्यादेच्या ८० टक्के वापर दिसला! अनेकदा बिल तयार होतं त्या सुमाराची बाकी रक्कम अहवालासाठी कळवली जाते, हे तेव्हा उमगलं. आता बिल निघण्याआधीच पैसे भरतो आणि वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवतो.

सहा-सात महिन्यांनी पहिल्यांदा क्रेडिट स्कोअर, म्हणजे या नोंदींवरून ठरणारा पतीचा आकडा, दिसला. ते कार्ड अजून चालू ठेवलंय. जुनं खातं बंद करायची माझी तयारी नाही.