परळला निघण्याआधी स्लाइड मागून घ्या

आमच्या आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गालाला आतून चट्टा उठला. लग्नाआधीपासूनची मशेरी. मिरजेत तुकडा काढून तपासला (यालाच बायोप्सी म्हणतात), कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जायला सांगितलं. आम्ही तासगावहून नुसता रिपोर्टचा कागद घेऊन निघालो. ही चूक तुम्ही करू नका.

तिथले डॉक्टर तो तुकडा स्वतः पुन्हा तपासतात, मगच उपचार ठरतो. म्हणून जिथं बायोप्सी झाली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या. स्लाइड म्हणजे त्या तुकड्याचा पातळ काप लावलेली काचपट्टी. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. त्यावरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथंच उभं राहून जुळवा. आम्हाला एवढ्यासाठी परत यावं लागलं, पाच दिवस गेले. ज्या बाईला घास गिळवत नव्हता, तिचे पाच दिवस. स्लाइड कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घाला. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. आणि गाडीत तो डबा सीटखाली नको, उशाशी घ्या.

सीटी, एमआरआय झालं असेल तर फिल्मबरोबर सीडीही मागा. आधार आणि रेशनकार्ड मूळ न्या, झेरॉक्सही न्या. सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेला दोन्ही लागतात. दोन्हीकडं नाव सारखंच लिहिलंय का, ते घरीच बघा.

एका कागदावर लिहून काढा: चट्टा कधी दिसला, वजन किती उतरलं, बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती सगळ्यात वर लिहा. गोळ्यांची पाकिटंही बरोबर असू द्या. डॉक्टरांसमोर आत्या "बरं हाय" एवढंच म्हणाल्या. बाकीचं त्या कागदानं सांगितलं.

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सांगलीहून सकाळी दादरला पोचवते, तिथून परळ जवळ. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. पण त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो, म्हणून पहिल्या खेपेला पूर्ण पैसे धरा आणि परतीसाठी फॉर्म आठवणीनं मागा. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. पहिल्या रात्री मात्र लालबाग-परळला गिरणीच्या काळापासूनचं कुणी नातेवाईक असेल तर त्यांना आधी फोन करा. लाजू नका.

आत्यांना तोंड उघडत नव्हतं आणि मी भाकरी बांधून नेली होती. दुसऱ्या खेपेला थर्मासमध्ये नाचणीची पेज नेली, ती त्यांनी वाटी-वाटीनं घेतली. मात्र तपासणीला उपाशी यायचंय का, हे आधी विचारा.

त्या खेपेला खिडकीवर डबा उघडला, नंबर जुळले, स्लाइड जमा झाल्या. त्याची पावती फाईलला टाचून ठेवा. पुढं स्लाइड परत घ्यायच्या झाल्या तर ती लागते.