रेसगाडीतली आग विझवायची बाटली आणि कुळागरातला पंप

गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला माझं गॅरेज आहे. रेसची गाडी आली की मालक आधी इंजिन दाखवतो, मी आधी आग विझवायची बाटली बघतो. बाटली मान्यताप्राप्तच घ्यावी, घरी भरायच्या भानगडीत पडू नये. पण ती बसवायची आपणच, आणि घोळ तिथेच होतो.

पट्टे धातूचेच हवेत. बोल्ट पातळ पत्र्यात नुसता मारू नका, खालून जाड प्लेट द्या. एफआयएच्या, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, नियमाप्रमाणे ही पकड 25 जी, म्हणजे वजनाच्या 25 पट जोर, सोसणारी हवी. म्हणजे 5 किलोची बाटली धडकेच्या क्षणी सव्वाशे किलोच्या जोराने ओढते. सुटली तर आग लागायच्या आधी तीच ड्रायव्हरचा जीव घेईल.

बटण दाबलं की बाटलीतला फेस नळ्यांतून नोझलकडे, म्हणजे फवाऱ्याच्या तोंडाकडे जातो. एक नोझल इंजिनाच्या खणात, जिथे पेट्रोलची नळी आणि तापलेला एक्झॉस्ट जवळ येतात तिथे. दुसरं आत, पायांच्या नि मांड्यांच्या रोखाने. तोंडावर कधीच नाही.

चाचणीसाठी मी सावईवेऱ्याहून मेहुण्याच्या कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, फवारायचा पंप आणतो. आधी तो चांगला धुवा, नाहीतर मोरचूद-चुन्याचा गाळ नोझलात बसेल. बाटलीकडून नळी सोडवून पंपाला जोडायची, पाण्यात रंग घालायचा, सीटवर जुना ओव्हरऑल घातलेलं बुजगावणं बसवायचं आणि चौफेर वर्तमानपत्रं पसरायची. एकदा मी रंग म्हणून कोकमाचं आगळ घातलं. डाग झकास उठले, पण गाडीत आठवडाभर मुंग्या! आता खायचा रंग वापरतो. पंपाचा दाब कमी, त्यामुळे खरा फेस कुठवर जाईल ते यातून कळत नाही. गळती, तुंबलेलं नोझल, चुकलेला कोन मात्र लगेच दिसतात. मग नळ्या हवेने कोरड्या करा.

बटण विजेवरचं असेल तर बाटलीवरचा वायरचा प्लग काढल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. प्लगला 12 व्होल्टचा छोटा बल्ब जोडा आणि दोन्ही बटणं दाबून बघा: आतलं, आणि बाहेरचं, लाल ‘ई’ची खूण असलेलं. एका पावसाळ्यात आतल्या बटणावर बल्ब लागला, बाहेरच्यावर नाही. जोडातल्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडल्या होत्या. आपल्याकडे ही तपासणी चतुर्थीनंतर पुन्हा करावीच. बाटलीचं वजन तिच्यावर छापलेल्या वजनाशी ताडून बघा, तारीखही वाचा.

शेवटी ड्रायव्हरला बसवा. हातमोजे, हेल्मेट, बेल्ट आवळलेला, स्टीअरिंग जागेवर, डोळे मिटलेले. ‘आग!’ म्हणा आणि मोजा. 2020 साली बहरीनला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ग्रोजाँ पेटत्या गाडीतून 27 सेकंदांत बाहेर आला. तिथे एकेक सेकंद मोलाचा होता, आणि बाटली असेच काही सेकंद मिळवून देते.

कोईमतूरला रेससाठी निघालेल्या एका पोराचा हात बटणापासून चार बोटं अलीकडेच थांबला. म्हणाला, “भाऊ, बेल्ट जरा सैल सोडतो.”

मी बटण उखडलं, चार बोटं अलीकडे बसवलं आणि त्याला परत डोळे मिटायला सांगितले.