मुलांशिवाय लेगो हाउसला जाणाऱ्या प्रौढांसाठी

डेन्मार्कमधील बिलुंड या छोट्या गावात 28 सप्टेंबर 2017 रोजी लेगो हाउस सुरू झाले. एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे करणाऱ्या लेगो या खेळण्यांच्या कंपनीचे हे पाहण्याचे आणि खेळण्याचे ठिकाण. बियार्के इंगेल्स यांच्या वास्तुसंस्थेने आखलेली, सुमारे 12,000 चौरस मीटरची ही इमारत एकवीस पांढरे ठोकळे एकमेकांवर रचल्यासारखी दिसते. तिच्यात सुमारे अडीच कोटी ठोकळे आहेत आणि चारही मुख्य विभागांत ते हाताळण्यासाठी मोकळे ठेवलेले आहेत. मुलांना हे सांगावे लागत नाही, ती आत येताच ठोकळ्यांत हात घालतात. प्रौढ मात्र सवयीने संग्रहालयात वागावे तसे वागतात. ते फलक वाचतात, छायाचित्रे घेतात, ‘आधी मुलांना करू द्या’ असे म्हणून बाजूला उभे राहतात आणि दोन-तीन तासांत सारे पाहून बाहेर पडतात. त्यांच्या हातून एकही वस्तू घडलेली नसते, आणि या जागेत तेच सर्वांत मोठे नुकसान आहे. म्हणून पुढील सर्व सूचनांमागे एकच आग्रह आहे: दिवसाचा मोठा भाग एका जागी बसून काहीतरी घडवण्यासाठी राखून ठेवावा.

ठिकाण नीट निवडा

मूल सोबत नसताना प्रवेश मिळेल का, ही शंका अनेकांच्या मनात असते आणि ती निराधार नाही. लेगोच्या नावाने चालणारी सगळी ठिकाणे सारखी नाहीत. शहरांतील व्यापारी संकुलांत असणारी लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर ही बंदिस्त केंद्रे लहान मुलांच्या कुटुंबांसाठी आखलेली आहेत, आणि तेथे सहसा मूल सोबत असल्याशिवाय प्रौढांना प्रवेश दिला जात नाही. प्रौढांसाठी अशी अनेक केंद्रे अधूनमधून खास संध्याकाळ ठेवतात, तेव्हा अठरा वर्षांखालील कोणी आत नसते. अशा केंद्रात जायचे असेल, तर प्रवासाच्या तारखा त्या संध्याकाळशी जुळवूनच तिकीट काढावे. लेगोलँड नावाची मोकळ्यावरील मोठी उद्याने प्रौढांना अडवत नाहीत, पण तेथे पाळणे, झुकझुक गाड्या आणि छोट्या प्रतिकृतींची शहरे यांचा भर अधिक असतो. हाताने बांधणे तेथे दुय्यम ठरते.

लेगो हाउसमध्ये प्रौढ एकटा, जोडीने किंवा मित्रांसह खुशाल जाऊ शकतो. बांधण्याची आवड असणाऱ्याने निवड करायची झाली, तर माझ्या मते लेगो हाउस निःसंशय पहिले. बिलुंडमध्येच 1968 साली सुरू झालेले मूळ लेगोलँडही आहे आणि दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा. लेगोलँड हिवाळ्यातील बराच काळ बंद असते, तर लेगो हाउस वर्षातील बहुतेक काळ उघडे असते, हेही दिवस ठरवताना उपयोगी पडते.

दिवस आणि प्रवास

प्रवेशाचे तिकीट तारखेनुसार काढावे लागते, म्हणून ते आधीच ऑनलाइन घ्यावे आणि त्या दिवशीच्या वेळाही त्याच वेळी पाहून घ्याव्यात. डेन्मार्कमध्ये शाळांच्या सुट्ट्या वर्षातील आठवड्यांच्या क्रमांकाने ओळखल्या जातात. ऑक्टोबरच्या मध्यावर येणारा बेचाळिसावा आठवडा, फेब्रुवारीतील सातवा व आठवा आठवडा आणि संपूर्ण जुलै महिना या काळात गर्दी सर्वाधिक असते. या तारखा सोडून मंगळवार किंवा बुधवारसारखा कामाचा दिवस निवडला, तर टेबलाशी निवांत जागा मिळते, आणि आपण एखाद्या मुलाची जागा अडवून बसलो आहोत हा संकोचही राहत नाही.

बिलुंडला प्रवासी रेल्वेस्थानक नाही. कोपनहेगनहून येणाऱ्याने वायले या स्थानकापर्यंत रेल्वेने यावे आणि तेथून बस घ्यावी. गावाला लागूनच विमानतळ आहे, त्यामुळे थेट विमान मिळत असेल तर प्रवास फारच सोपा होतो. शक्य असेल तर आदल्या रात्री बिलुंडमध्ये मुक्काम करावा, कारण सकाळचा पहिला तास हा दिवसातील सर्वांत शांत तास असतो आणि तो रस्त्यात घालवणे परवडत नाही.

कपडे वाकता-बसता येतील असे असावेत. अनेक टेबले मुलांच्या उंचीची आहेत, गुडघे दुखत असतील तर उंच टेबल किंवा बाक दिसताच ते धरावे. लाखो ठोकळे उपसले जात असताना होणारा आवाजही बराच असतो. ज्यांना तो सोसत नाही, त्यांनी कानात घालायचे बोळे सोबत ठेवावेत.

आत कोणत्या क्रमाने फिरावे

प्रवेशाच्या वेळी मनगटावर एक पट्टी बांधली जाते. आपण बांधलेल्या वस्तूंची छायाचित्रे ठिकठिकाणच्या यंत्रांवर ही पट्टी टेकवून साठवता येतात आणि नंतर पाहता येतात. त्यामुळे फोन हातात धरून फिरण्याची गरज उरत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

मध्यभागी पायऱ्यांच्या वळणांमधून वर गेलेला एक वृक्ष आहे. तो 15 मीटरहून उंच आहे आणि त्यात 63,16,611 ठोकळे आहेत. तो जाता-येता पाहावा, त्यासाठी वेगळा वेळ काढण्याची गरज नाही, कारण कोणत्याही मजल्यावर जाताना तो समोर येतोच. फांद्यांवर बसवलेली छोटी दृश्ये मात्र प्रत्येक फेरीत थोडी थोडी पाहत गेल्यास त्यांतील बारकावे कळत जातात.

खेळण्याचे विभाग चार रंगांत विभागलेले आहेत. लाल विभाग मुक्त निर्मितीचा, निळा प्रश्न सोडवण्याचा, हिरवा गोष्टी रचण्याचा आणि पिवळा भावनांचा. चारही विभागांना सारखा वेळ देण्याचा प्रयत्न करू नये. सकाळी ताजेतवाने असताना निळ्या विभागात जावे, कारण तेथे उतारावरून सोडायची गाडी बांधणे, यंत्रमानवाला आज्ञा देऊन काम करवून घेणे, शहराची आखणी करणे असे उद्योग आहेत आणि त्यांना एकाग्रता लागते. गाडीचा प्रयोग प्रौढांनी विशेष गांभीर्याने करावा असे मला वाटते. पहिली गाडी बहुतेक वेळा वाटेतच सुटी होते. मग चाकांमधील अंतर वाढवणे, वजन खालच्या भागात आणणे, सांध्यांवर ठोकळे चढवून ते पक्के करणे असे बदल करत गेले की प्रत्येक फेरीत फरक डोळ्यांनी दिसतो. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशामुळे काय झाले ते कळते.

त्यानंतर पिवळ्या विभागात मासा बांधावा. तो यंत्रात ठेवला की पडद्यावरील जलाशयात पोहू लागतो. हिरव्या विभागात ठोकळ्यांचा छोटा चलचित्रपट करता येतो. त्यासाठी किमान दोघे असावेत, एकाने वस्तू हलवाव्यात आणि दुसऱ्याने चित्रे टिपावीत.

लाल विभाग दुपारनंतरसाठी ठेवावा. तेथे उंचावरून ठोकळे कोसळत असल्यासारखा धबधबा उभारलेला आहे आणि त्याच्याभोवती बांधण्यासाठी ठोकळ्यांचे ढीग असतात. काय बांधायचे हे कोणी सांगत नाही, आणि नेमके येथेच प्रौढ सर्वाधिक गोंधळतात.

रिकाम्या हातांनी सुरुवात कशी करावी

सूचनापुस्तिकेवर वाढलेल्या माणसाला मोकळा ढीग समोर आला की काही सुचत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःला मर्यादा घालून घेणे. एकच रंग घ्यावा, किंवा वीसच ठोकळे घ्यावेत, किंवा तळहातावर मावेल एवढीच वस्तू करायची असे ठरवावे. विषयही जवळचा घ्यावा: आपली खुर्ची, रोजची गाडी, घरातील मांजर. पंधरा-वीस मिनिटांत एक लहान वस्तू पूर्ण करणे हे मोठी वस्तू अर्धवट सोडण्यापेक्षा केव्हाही चांगले, कारण हात एकदा चालू लागले की पुढची कल्पना आपोआप येते.

थोडी मापे लक्षात ठेवल्यास कामात एकदम सफाई येते. ठोकळ्याच्या वरच्या बाजूला जे छोटे गोल उंचवटे असतात, त्यांतील दोन लगतच्या उंचवट्यांच्या मध्यांतील अंतर 8 मिलिमीटर असते. नेहमीच्या ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर आणि पातळ प्लेटची 3.2 मिलिमीटर असते. म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याची उंची होते, आणि पाच प्लेटची उंची बरोबर दोन उंचवट्यांच्या रुंदीइतकी, म्हणजे 16 मिलिमीटर भरते. हे गणित कळले की ठोकळे आडवे बसवूनही ते मापात जुळवता येतात, आणि उंचवटे नेहमी वरच असले पाहिजेत हा समज सुटतो. चेहरा, चाकांवरील आवरण, पानांच्या कडा अशा गोष्टी उंचवटे बाजूला वळवल्यावरच नीट जमतात.

भिंत उभारताना गवंडी जसा वरच्या विटेने खालचा सांधा झाकतो, तसे येथेही करावे. सांधे एकाखाली एक आले की भिंत उभी चिरते. घट्ट बसलेले ठोकळे दातांनी सोडवू नयेत. ब्रिक सेपरेटर नावाचे लहान अवजार मिळाले तर ते वापरावे, नाहीतर दुसरा लांब ठोकळा वर बसवून तरफेसारखा उचलावा.

सोबतीला कोणी असेल तर एक प्रयोग अवश्य करावा. प्रत्येकाने अगदी सारखे सहा ठोकळे घ्यावेत आणि एकमेकांकडे न पाहता एका मिनिटात बदक करावे. दोन बदके क्वचितच सारखी निघतात. या प्रयोगामागे खरे गणित आहे. आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे 24 प्रकारे जोडता येतात, तीन ठोकळे 1,060 प्रकारे, आणि सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे. कंपनीने 1974 साली सहा ठोकळ्यांसाठी 10,29,81,500 हा आकडा दिला होता, पण त्यात एकावर एक असे सहा थर असलेल्या रचनाच मोजलेल्या होत्या. पुढे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने पूर्ण मोजणी केली. लेगो हाउसमध्ये ठोकळे ओतून तयार करणारे यंत्र चालू स्थितीत पाहता येते आणि सहा लाल ठोकळ्यांचे पाकीट पाहुण्यांना मिळते. त्यासोबतच्या कार्डावर त्या कोट्यवधी रचनांपैकी एक छापलेली असते. विभागांतील इतर ठोकळे मात्र तेथेच ठेवायचे असतात. आपली वस्तू मांडणीसाठी ठेवता येत असेल तर ठेवावी, नाहीतर सुटी करून ठोकळे ढिगात परत टाकावेत, म्हणजे पुढच्याला ते मिळतात.

मुलांच्या शेजारी बसताना थोडे भान ठेवावे. त्यांनी मागितलेला ठोकळा लगेच द्यावा, मागितल्याशिवाय त्यांच्या रचनेत सुधारणा सुचवू नये, आणि छायाचित्रात दुसऱ्यांची मुले येणार नाहीत याची काळजी घ्यावी.

हात थकल्यावर

वरच्या मजल्यावरील मास्टरपीस गॅलरीत जगभरातील प्रौढ लेगोप्रेमींनी घडवलेल्या कलाकृती मांडलेल्या असतात. छतावरील आठ गोल खिडक्या बाहेरून ठोकळ्याच्या उंचवट्यांसारख्या दिसतात आणि आत त्यांतून उजेड येतो. ही गॅलरी सकाळी पाहू नये. स्वतः काही तास बांधल्यानंतर पाहिली की एखादा वळणदार पृष्ठभाग कसा साधला असेल हे डोळे शोधू लागतात, आणि सकाळी नुसती नवलाई वाटली असती तेथे आता शिकायला मिळते. तेथील तीन डायनासोर शेजारी शेजारी पाहावेत. एक नेहमीच्या ठोकळ्यांचा, एक टेक्निक या यांत्रिक रचनांच्या मालिकेतील भागांचा आणि एक डुप्लो या लहान मुलांसाठीच्या मोठ्या ठोकळ्यांचा आहे.

तळघरातील इतिहासाचा संग्रह तर प्रौढांसाठीच आहे असे म्हणावे लागेल. ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने 1932 साली लाकडी खेळणी करायला घेतली, 1958 च्या 28 जानेवारीला आतून नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला, आणि 1960 साली लाकडी खेळण्यांच्या कोठाराला आग लागल्यानंतर लाकूडकाम कायमचे थांबले, हा सारा प्रवास तेथे वस्तूंसह दिसतो. पुढच्या दालनात जुन्या संचांचे खोके रांगेने मांडलेले आहेत. आपल्या लहानपणीचा संच शोधण्यात येथे भराभर वेळ जातो, म्हणून निदान पाऊण तास हाताशी ठेवावा.

जेवणासाठी मिनी शेफ या उपाहारगृहात जावे. तेथे मागणी ठोकळे जोडूनच नोंदवायची असते आणि तयार जेवण यंत्रमानवांकडून घ्यायचे असते. गर्दीच्या दिवसांत टेबल आधी राखून ठेवावे. इमारतीतील मधला चौक, दुकान आणि पायऱ्यांनी चढता येणाऱ्या गच्च्या यांना तिकीट लागत नाही, त्यामुळे ते सर्व आदल्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी पाहता येते आणि तिकिटाचा वेळ बांधण्यासाठीच वाचतो.

दुकानात फक्त याच ठिकाणी विकले जाणारे काही संच असतात. 2020 सालापासून निघालेल्या त्या मालिकेत लाकडी बदकाची आणि ओतकामाच्या यंत्राची प्रतिकृती येऊन गेली. दुसरीकडे कोठेही मिळतील असे मोठे खोके येथून वाहून नेण्यात अर्थ नाही, खरेदी या खास संचांपुरती ठेवावी. सामानात जागा कमी असेल, तर पिशव्या आणि सूचनापुस्तिका बाहेर काढून खोका कडेने उलगडून सपाट करावा, आणि पुस्तिका दुमडू नये म्हणून कपड्यांच्या मधल्या थरात ठेवावी.