हिरो निवडणुकीला उभा राहिला तर : जुन्या कट्ट्यावर बसून उमेदवार तपासायची पद्धत

2004 च्या मे महिन्यातली गोष्ट, लोकसभेचे निकाल लागत होते आणि आम्ही सहाजण पुण्यात कॉलेजच्या मागच्या टपरीवर काकांच्या रेडिओला कान लावून बसलो होतो. मुंबई उत्तरमधून गोविंदा विरुद्ध राम नाईक. राम नाईक तेव्हा पेट्रोलियम मंत्री, तिथून सलग पाच वेळा निवडून आलेले, त्यामुळे मी छातीठोकपणे क्रीमरोलची पैज लावली की हिरो पडणार. हिरो जिंकला आणि टपरीवर नुसता दंगा. त्या गोंधळात आमचा बोरिवलीचा मित्र तेवढा गप्प होता, जरा वेळाने म्हणाला, "तुमचं ठीक आहे रे, क्रीमरोलवर भागतंय. माझ्या घरचे रोज त्याच लोकलला लटकून जातात, आता गाडीची तक्रार घेऊन कुणाकडे जायचं ते सांगा."

ते वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. म्हणून जेव्हा जेव्हा एखादा नट नाहीतर नटी उभी राहते आणि व्हॉट्सॲपवर मारामारी सुरू होते, तेव्हा आम्ही जुनी गँग परत कट्ट्यावर जमवतो आणि उमेदवार नीट तपासतो. दोन-तीन निवडणुका असं केल्यावर एक पद्धत बसलीये, ती इथे लिहितोय, तुम्हीही करून बघा.

आधी जागा. वैशाली, गुडलक वगैरे पुण्यातली जुनी हॉटेलं आठवणींना उत्तम, पण रविवारी बाहेर वेटिंगवाले उभे असतात आणि तुम्ही आत दीड तास एकाच चहावर बसलाय हे बरं दिसत नाही. खरी मजा टपरीचीच. आमची टपरी रस्ता रुंदीकरणात गेली, ते काळं पडलेलं पातेलं, फडक्यातून गाळलेला चहा, दोन चहा तिघांत, आणि तारेला अडकवलेली उधारीची वही ज्यात माझ्या नावापुढे सबमिशनच्या महिन्यात कायम दोन आकडी रक्कम असायची, सगळं गेलं. आता आम्ही जवळच्याच दुसऱ्या टपरीसमोर बंद दुकानाच्या पायरीवर बसतो. चालतं. पायरी हवी, चहा हवा आणि कुणी उठवायला नको, बास.

मग माणसं. नुसते आपल्या मताचे लोक बोलवू नका, त्याला बैठक म्हणत नाहीत. एकजण त्या स्टारचा कट्टर फॅन, एकजण समोरच्या पक्षाचा, आणि एकजण तरी त्याच मतदारसंघात राहणारा हवाच हवा, कारण बाकीच्यांना बोलायचं असतं आणि त्याला पाच वर्षं काढायची असतात. फोन सगळ्यांनी खिशात ठेवायचे, फक्त एकाने बाहेर, माहिती शोधायला.

पहिली पंधरा मिनिटं सिनेमाला द्या. मनापासून सांगतो, हे टाळू नका. फॅनला बोलू द्या, डायलॉग मारू द्या, सगळं प्रेम एकदा बाहेर येऊ दे, नाहीतर ते पुढच्या प्रत्येक मुद्द्यात घुसतं. प्रेम खोटं नसतंच ओ, पण पडद्यावरचा राजा आणि अर्ज भरलेला माणूस हे वेगवेगळे आहेत हे कुणीतरी मोठ्याने बोलायला लागतं. आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे शिरूरचे अमोल कोल्हे. टीव्हीवर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारलेला माणूस, मुळात शिकलेला डॉक्टर, 2019 ला पहिल्यांदा लोकसभेला उभा राहिला आणि तीन वेळचे खासदार आढळराव पाटलांना हरवलं. तेव्हा भूमिकेचा वाटा किती होता यावर आमच्या पायरीवर जाम वाद झाला. पण 2024 ला समोर परत तेच आढळराव होते आणि कोल्हे परत निवडून आले, आणि यावेळी लोक पाच वर्षांचा हिशोब मागत होते. माझं मत असं की नटाची खरी परीक्षा दुसऱ्या निवडणुकीला होते, पहिलीत बरीचशी मतं पोस्टरला पडतात.

आता शपथपत्र. हे काम सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यात कामाचं हेच. अर्जाबरोबर प्रत्येक उमेदवाराला नमुना 26 मधलं शपथपत्र द्यावं लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही बघता येतं, आयोगाचं ॲपही आहे. पीडीएफ उघडली की घाबरू नका, चार जागा बघा. गुन्हे आणि प्रलंबित खटले, गेल्या पाच वर्षांत आयकर रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न, कर्ज आणि सरकारी थकबाकी, आणि शिक्षण. स्टारची मालमत्ता कोटींत असणारच, त्यावर अर्धा तास घालवू नका, तो आकडा गॉसिपसाठी बरा असतो. थकबाकी बघा, खटला कशाचा आहे ते वाचा. आधीही उभे राहिलेले असतील तर जुनं शपथपत्र शेजारी ठेवून वाचा, मायनेता नावाच्या साइटवर जुनी सापडतात.

आधी खासदार राहिलेला असेल तर काम सोपं होतं, कारण रेकॉर्ड असतो. पीआरएस या संस्थेच्या साइटवर प्रत्येक खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न, किती चर्चांमध्ये बोलले हे सगळं मिळतं (मंत्र्यांची हजेरी मात्र तिथे शोधू नका, ते सही करत नाहीत). प्रश्नांमध्ये तारांकित म्हणजे ज्याचं मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायला लागतं आणि अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचे. नुसता आकडा मोजू नका, प्रश्न उघडून वाचा, त्यात आपल्या तालुक्याचं नाव कुठे येतंय का बघा. मग खासदार निधी, वर्षाला 5 कोटी, कुठल्या गावात कशावर गेला ते.

हे सगळं एका जागी बघायचं तर पंजाबातलं गुरदासपूर घ्या. विनोद खन्ना तिथून चार वेळा निवडून आले, 1998, 1999, 2004 आणि 2014, मध्ये 2009 ला पडलेसुद्धा, आणि तिकडचे लोक पुलांच्या कामासाठी अजून त्यांचं नाव काढतात. त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षाकडून 2019 ला सनी देओल जिंकले, आणि त्यांची लोकसभेतली हजेरी वीस टक्क्यांच्याही खाली राहिली. दोघंही ॲक्शन हिरो, दोघांचीही क्रेझ तीच. म्हणून "नट आहे म्हणजे काम करणारच नाही" आणि "नट आहे म्हणजे मन मोठं असणारच", ही दोन्ही वाक्यं आमच्या पायरीवर बंद आहेत.

रेकॉर्डच नसेल, माणूस कोरा असेल, तर मी एकच गोष्ट शोधतो, निवडणुकीच्या आधी आणि हरल्यावर त्याने काय केलं. जिंकल्यावरही सगळे सारखे टिकत नाहीत, तेही बघतो. सुनील दत्त 1984 ला खासदार झाले आणि 1987 ला पंजाब पेटलेला असताना मुंबईहून अमृतसरपर्यंत चालत गेले, विचार करा, चालत. अमिताभही 1984 लाच अलाहाबादहून हेमवतीनंदन बहुगुणांसारख्या दिग्गज नेत्याला हरवून प्रचंड मतांनी आले आणि 1987 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. दक्षिणेत बघितलं तर एन. टी. रामाराव यांनी 1982 च्या मार्चमध्ये पक्ष काढला आणि 1983 च्या जानेवारीत मुख्यमंत्री, नऊ महिने फक्त. ते बघून सगळ्यांना वाटतं हे सोपं आहे, पण त्याच आंध्रात चिरंजीवींच्या पक्षाला 2009 ला विधानसभेच्या 18 जागा मिळाल्या आणि 2011 मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. त्यांचे धाकटे भाऊ पवन कल्याण 2019 ला स्वतः दोन जागांवर उभे राहून दोन्हीकडे पडले, पण घरी गेले नाहीत, आणि 2024 ला लढवलेल्या 21 च्या 21 विधानसभा जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. त्यांचं राजकारण पटो न पटो, हरल्यावर टिकणं ही गोष्ट मी मोजतो.

एक घोळ नेहमी होतो तोही सांगतो. सभेला आलेला हिरो हा बहुतेकदा उमेदवार नसतो, स्टार प्रचारक असतो, मान्यताप्राप्त पक्षाला अशी 40 नावं देता येतात. तो गाणं म्हणून हेलिकॉप्टरने जाईल, तुमच्या नळाला पाणी नाही आलं तर फोन दुसऱ्यालाच लावायचाय. त्यामुळे सभेतून आलात की घरी येऊन मतपत्रिकेवरचं नाव कुणाचं आहे ते बघा आणि त्याचं शपथपत्र काढा.

उमेदवार प्रचाराला गल्लीत आलाच तर सेल्फी घ्या, हरकत नाही, पण मतदारसंघात राहणाऱ्या त्या मित्राला पुढे उभं करून दोन प्रश्न विचारायला लावा. ऑफिस कुठे उघडणार आणि शूटिंग असेल तेव्हा तिथे कोण बसणार. उत्तर पत्त्यासकट आलं तर माणसाने विचार केलाय. "तुमच्यासाठी चोवीस तास हजर" असं आलं तर तेही वहीत तसंच्या तसं लिहून ठेवा, पाच वर्षांनी पायरीवर वाचायला कामाला येतं.

आणि उठायच्या आधी प्रत्येकाने मतदार यादीत आपलं नाव बघायचं, तिथल्या तिथे. पुण्यात शिकायला आलेले, मग नोकरीने इकडेतिकडे गेलेले, अर्ध्यांची नावं अजून आईवडिलांच्या पत्त्यावर असतात. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलायला फॉर्म 8, दोन्ही ऑनलाइन भरता येतात, पण उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या आधीच ही खिडकी बंद होते, त्यामुळे स्टारचं नाव जाहीर व्हायची वाट बघत बसू नका.

गेल्या वेळी आमच्यातल्या दोघांचं राजकारणावरून दीड वर्ष बोलणं बंद होतं. ग्रुपवर मेसेज टाकून दोघंही आले नसते म्हणून दोघांना वेगवेगळा फोन केला. आले, पहिला अर्धा तास एकमेकांकडे न बघता बसले, मग एकाने शपथपत्रातला खटल्याचा परिच्छेद मोठ्याने वाचायला घेतला, दुसऱ्याने कलम चुकीचं वाचलंस म्हणून फोन हातातून घेतला, आणि चहा आला तेव्हा दोघांनी एकाच ग्लासातला अर्धा अर्धा घेतला.